स्मरणाचा बट्टा

नव्याने निघालेले सोन्याचे स्मारक नाणे घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न वरकरणी पैशाचा दिसतो, आणि त्यामुळेच तो पैशाच्या जाणकारांकडे नेला जातो. सराफ वजन आणि शुद्धता पाहून उत्तर देतो, नाणी जमवणारा संग्राहक ती किती संख्येने पाडली हे पाहून सांगतो आणि गुंतवणुकीचा सल्लागार गेल्या काही वर्षांतला सोन्याचा भाव पुढे ठेवतो. परंतु ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असली, तरी घेऊ पाहणाऱ्याची चलबिचल त्यांनी शमत नाही. त्याच्या मनात ते नाणे केवळ सोने म्हणून उभे राहिलेले नसते. एखाद्या राज्यारोहणाची, स्वातंत्र्याच्या वर्धापनाची किंवा माणसाने चंद्रावर ठेवलेल्या पावलाची आठवण त्या सोन्याला चिकटलेली असते आणि तिचा भाव कोणत्याही पेढीच्या फलकावर लिहिलेला नसतो. हा भाव कसा ठरतो आणि तो मोजल्यावर हाती काय उरते, हे समजून घेतल्याशिवाय मूळ प्रश्नाला हात घालता येत नाही.

स्मारक नाणे म्हणजे एखादी घटना, व्यक्ती किंवा संस्था यांच्या स्मरणार्थ राज्यसंस्थेने आपल्या अधिकारात काढलेले नाणे. या व्याख्येत राज्यसंस्थेचा उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण नाणे पाडण्याचा अधिकार हा सार्वभौमत्वाचा भाग मानला जातो आणि भारतात तो २०११ च्या नाणे कायद्याने केंद्र सरकारकडे आहे. धनत्रयोदशीला पेढ्यांवर मिळणाऱ्या, लक्ष्मीची किंवा गणपतीची मुद्रा असलेल्या सोन्याच्या चकतीला बोलण्यात नाणे म्हटले जात असले, तरी शास्त्राच्या भाषेत ते पदक होय. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी एका बाजूला अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूला महात्मा गांधींची प्रतिमा घेऊन जे भारतीय सुवर्ण नाणे विक्रीस आले, त्याच्यावरही रुपयांत सांगितलेली किंमत नाही. ते ९९९ शुद्धतेचे, हॉलमार्क असलेले सोने आहे, चलन नाही. खऱ्या अर्थाच्या स्मारक नाण्यात मात्र तीन मूल्ये एकत्र येतात. पहिले दर्शनी मूल्य, म्हणजे नाण्यावर छापलेली आणि राज्याने मान्य केलेली रक्कम. दुसरे धातुमूल्य, म्हणजे नाणे वितळवले तर त्यातून निघणाऱ्या सोन्याची बाजारातली किंमत. आणि तिसरे स्मरणमूल्य, म्हणजे या दोहोंच्या पलीकडे जाऊन, केवळ त्या प्रसंगासाठी आणि त्या मुद्रेसाठी कोणी मोजायला तयार होईल ती रक्कम. नाणे घेण्याचा निर्णय अवघड होतो, कारण ही तीन मूल्ये एका जागी स्थिर राहत नाहीत.

ती कशी हलतात याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानचे आहे. सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीला ६० वर्षे झाल्याच्या निमित्ताने जपान सरकारने १९८६ मध्ये १,००,००० येन दर्शनी मूल्याचे सोन्याचे नाणे काढले. त्याचा व्यास ३० मिलिमीटर आणि वजन २० ग्रॅम होते. एका बाजूला पाण्यावरून उडणारी कबुतरे आणि दुसऱ्या बाजूला राजघराण्याचे शेवंतीचे चिन्ह होते. सम्राटाचा चेहरा नाण्यावर न घालण्याच्या जपानी प्रथेमुळे, ज्याच्या स्मरणार्थ नाणे निघाले तोच त्यावर दिसत नव्हता. पहिल्या वर्षी अशी १ कोटी नाणी पाडली गेली, म्हणजे त्यासाठी सुमारे २०० टन सोने लागले, आणि मागणी मोठी असल्यामुळे वाटपासाठी सोडत काढावी लागली. ज्या नागरिकाने १,००,००० येन देऊन हे नाणे घरी नेले, त्याच्या हाती त्या दिवशीच्या भावाने जेमतेम ४०,००० येनचे सोने होते. उरलेले ६०,००० येन म्हणजे सरकारच्या शब्दाची किंमत होती. सोन्याची गुंतवणूक म्हणून पाहिले तर हा व्यवहार उघड तोट्याचा होता. धातू आणि दर्शनी मूल्य यांच्यातल्या या मोठ्या दरीचा मोह अप्रामाणिक हातांनाही पडला: १९९० मध्ये युरोपातून जपानमध्ये आलेली अशी १ लाखाहून अधिक नाणी पोलिसांनी बनावट म्हणून जाहीर केली. ४०,००० येनचे खरे सोने वापरून १,००,००० येनचे नाणे तयार होत असेल, तर बनावट नाण्यातही सोने पूर्ण वजनाचे ठेवणे परवडते, आणि मग त्याची परीक्षा कसोटीच्या दगडावर करता येत नाही.

पुढची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सोन्याचा भाव ग्रॅमला १,००० येनच्या आसपास उतरला, तेव्हा त्या नाण्यातले सोने सुमारे २०,००० येनचे उरले होते. तरीही ते बँकेत नेले तर १,००,००० येनच मिळत, कारण दर्शनी मूल्य हे त्याच्या किमतीच्या खालची फरशी होऊन बसले होते. मग वारे फिरले. २०२३ मध्ये जपानमधला किरकोळ भाव ग्रॅमला १०,००० येनच्या वर गेला आणि ज्या नाण्यात एकेकाळी दर्शनी मूल्याच्या जेमतेम दोन पंचमांश किमतीचे सोने होते, त्याच नाण्यातले सोने आता दर्शनी मूल्याच्या दुप्पट झाले. दरम्यान जपान सरकारने आपली पद्धत बदलली होती. २०१९ मध्ये सम्राट नारुहितो यांच्या राज्यारोहणाचे जे सोन्याचे नाणे निघाले, त्यातही सोने २० ग्रॅमच होते. परंतु त्यावर दर्शनी मूल्य फक्त १०,००० येन होते, ते ५०,००० च्या मर्यादेत पाडले गेले आणि विकले गेले सुमारे १,४०,००० येनला. ३३ वर्षांच्या अंतराने निघालेल्या या दोन नाण्यांत धातू तितकाच आहे, प्रसंगाचे गांभीर्यही तुल्य आहे, पण घेणाऱ्याने पत्करलेली जोखीम पूर्ण वेगळी आहे: १९८६ च्या ग्राहकाला सोने पडले तरी राज्याच्या शब्दाचा आधार होता, तर २०१९ च्या ग्राहकाने १,४०,००० येन मोजून राज्याकडून केवळ १०,००० येनचा आधार घेतला आणि बाकीचा भार सोन्याच्या भावावर व आपल्या स्मरणावर टाकला. आज जगातल्या बहुतेक टांकसाळी या दुसऱ्या प्रकारची नाणी काढतात, आणि नवे नाणे घेताना पहिल्यांदा ओळखावी लागते ती हीच गोष्ट.

धातुमूल्याच्या वर मोजल्या जाणाऱ्या या रकमेला अर्थशास्त्रात अधिमूल्य म्हणतात. मराठीत याच गोष्टीच्या उलट बाजूसाठी फार जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे बट्टा. पेशवाईच्या काळात महाराष्ट्रात अंकुशी, चांदवडी, सुरती असे अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत असत आणि एका जातीचा रुपया दुसऱ्या जातीत बदलून देताना, किंवा झिजलेले नाणे स्वीकारताना, सराफ जी रक्कम कापून घेई तिला बट्टा म्हणत. नाण्याच्या व्यवहारातला हा शब्द पुढे माणसाच्या अब्रूला लागू झाला आणि नावाला बट्टा लागणे हा प्रयोग रूढ झाला. हिशेबाच्या वहीत तोच शब्द बट्टेखाते म्हणून गेला, म्हणजे वसूल होणार नाही असे धरून सोडून दिलेल्या रकमेचे खाते. स्मारक नाण्याच्या बाबतीत अधिमूल्य आणि बट्टा ही एकाच रकमेची दोन नावे आहेत. घेताना जे अधिमूल्य म्हणून दिले जाते, तेच मोडायच्या दिवशी सराफाच्या काट्यासमोर बट्टा म्हणून कापले जाते.

याचा हिशेब साधा आहे. समजा नाण्यातल्या सोन्याची किंमत १०० रुपये आहे आणि नाणे १३० रुपयांना विकले जात आहे, तर सोन्याचा भाव ३० टक्क्यांनी वाढेपर्यंत घेणाऱ्याला आपली मूळ रक्कमही परत मिळत नाही. भाव दर साल ८ टक्क्यांनी वाढत राहिला असे धरले, तरी त्यासाठी चौथे वर्ष उजाडावे लागते, आणि त्या काळात हेच पैसे साध्या सोन्यात गुंतवणारा ३० टक्के पुढे गेलेला असतो. भारतात सोन्याच्या खरेदीवर २०१७ पासून ३ टक्के वस्तू व सेवा कर आहे, तोही मोडताना परत येत नाही. बँकांना सोन्याची नाणी विकता येतात, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ती परत विकत घेता येत नाहीत, त्यामुळे ज्या खिडकीवर नाणे घेतले तीच खिडकी मोडायच्या वेळी बंद असते. दागिन्यात घडणावळ जाते हे मराठी गृहिणीला चांगले ठाऊक असते, आणि म्हणूनच केवळ साठवणीसाठी सोने घ्यायचे असेल तेव्हा ती चोख सोन्याची साधी वेढणी घेते, ज्यात घडणावळ नाममात्र आणि घट जवळजवळ नाही. स्मारक नाणे हे दिसायला वेढणीच्या जवळचे असले, तरी हिशेबाने ते नक्षीदार दागिन्याच्या जवळ जाते. त्यात घडणावळीच्या जागी स्मरण आहे, एवढाच फरक.

यावर संग्राहकाचे उत्तर असे असते की दुर्मीळता वाढली की अधिमूल्य कमी होण्याऐवजी वाढेल. हे उत्तर खोटे नाही, पण दुर्मीळता कोठून येते हे पाहिले म्हणजे त्याची मर्यादा कळते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाशी जोडलेला होन हे मराठी मनाला सर्वांत जवळचे सोन्याचे नाणे आहे. रायगडावर ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि नव्या छत्रपतींच्या नावाने सोन्याचे होन व तांब्याच्या शिवराया पाडल्या गेल्या. होनाच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असून त्यांच्याभोवती ठिपक्यांचे वर्तुळ आहे. नाणे बोटाच्या पेरावर मावेल एवढे लहान, वजनाला पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, हाताने ठोकलेले, त्यामुळे ठसा मध्यभागी बसेलच असे नाही आणि वर्तुळातले काही ठिपके काठाबाहेर गेलेले असतात. हे नाणे कोणाच्या संग्रहासाठी निघाले नव्हते. राज्य सार्वभौम झाले आहे हे व्यवहारातून सांगण्यासाठी ते निघाले होते, आणि व्यवहारात आलेले सोने जसे वागते तसेच तेही वागले. ते खर्च झाले, खंडणीत आणि देणग्यांत गेले, परक्या टांकसाळीत आणि सोनाराच्या मुशीत वितळले. आज जे थोडे होन उरले आहेत ते अमोल ठरतात, कारण बाकीचे उरले नाहीत. अमेरिकेतही हेच घडले. १९३३ साली तिथे २० डॉलरची ४,४५,५०० सोन्याची नाणी पाडली गेली, पण सोन्याचे चलन बंद झाल्यामुळे ती जवळजवळ सगळी वितळवली गेली, आणि त्यातून वाचलेल्या एका नाण्याला २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

म्हणजे नाण्याची खरी दुर्मीळता त्याच्या विनाशातून जन्मते, आणि नेमक्या याच कारणाने नवे स्मारक नाणे सहसा दुर्मीळ होत नाही. ते पहिल्या दिवसापासून जपले जाते. प्रूफ पद्धतीने, म्हणजे घासून चकचकीत केलेल्या ठशांनी आणि एकाहून अधिक वेळा दाब देऊन ते तयार केलेले असते. त्याची सपाट जागा आरशासारखी लखलखते आणि उठावातली आकृती त्यावर दवासारखी फिकी दिसते. काठावरच्या उभ्या बारीक रेघा एकही न मोडता फिरतात. एका बोटाचा ठसा त्या आरशावर उमटला तर तो कायमचा डाग ठरतो, म्हणून टांकसाळ ते पारदर्शक डबीत बंद करूनच पाठवते. ५०,००० नाणी निघाली असतील, तर ३० वर्षांनीही त्यांतली बहुतेक त्याच स्थितीत कोठल्या ना कोठल्या कपाटात असतात, आणि विकायला काढणाऱ्यांच्या मनात तीच अपेक्षा असते जी घेणाऱ्याच्या मनात होती. मर्यादित संख्या हा शब्द जाहिरातीत मोठा दिसतो, परंतु जे हरवत नाही ते दुर्मीळ होत नाही.

याच्या उलट, जे नाणे कोणीही स्मारक म्हणून काढले नव्हते ते कालांतराने स्मारक होऊन बसल्याचे उदाहरण मुंबईतच आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्गे सोन्याची ने-आण धोक्याची झाली, तेव्हा लंडनच्या शाही टांकसाळीची एक शाखा मुंबईत उघडली गेली आणि १९१८ साली तिथे सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडले गेले. सॉव्हरिन म्हणजे मराठी घरांतली गिनी: ७.९८ ग्रॅम वजनाची, २२ कॅरेटची, एका बाजूला राजाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरून ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज. मुंबईच्या गिनीवर सालाच्या वर एक बारीक इंग्रजी ‘आय’ अक्षर आहे, आणि ते शोधायला भिंग लागते. त्या एका अक्षरात युद्ध आहे, धोक्यात आलेले समुद्रमार्ग आहेत आणि फोर्टमधल्या टांकसाळीत गेलेले ते एक वर्ष आहे. कोणत्याही सरकारने त्याचा सोहळा केला नाही, तरी इतिहास त्या अक्षरात आपोआप साठला.

गिनीचे आणखी एक रूप मराठी घरांनी घडवले आणि ते या विचारात फार महत्त्वाचे आहे. ज्या काळी बँकेच्या लॉकरची सोय नव्हती, त्या काळी घरातल्या गिन्यांना सोनाराकडून वरच्या काठावर कडी लावून घेतली जाई आणि त्यांची माळ करून ती गळ्यात घातली जाई. पुतळ्यांची माळही याच रीतीची. संग्राहकाच्या दृष्टीने कडी लावलेली गिनी बिघडलेली असते, काठ वितळलेला, चेहऱ्यावरचा उठाव कातडीला लागून गुळगुळीत झालेला, आणि तो तिला धातूच्या भावापलीकडे फारसे देत नाही. परंतु ती माळ सासूकडून सुनेकडे गेलेली असते, एखाद्या वर्षी तिच्यातली एक गिनी मुलाच्या शिक्षणासाठी काढलेली असते आणि त्या जागी राहिलेली फट तशीच ठेवलेली असते. बाजाराने जिला बट्टा लावला, तिच्यातच घराने आपली आठवण साठवली. स्मरण नाण्याला टांकसाळीत चिकटत नाही, ते पुढे हाताळण्यातून, सांगण्यातून आणि गमावण्यातून चिकटते, हे या माळेइतके दुसऱ्या कशाने कळत नाही.

हे ध्यानात आले म्हणजे नव्या नाण्याविषयीचा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडता येतो. टांकसाळ प्रसंग देते, शिक्का देते आणि निर्दोष धातू देते. स्मरण मात्र घेणाऱ्याला स्वतःचे आणावे लागते. चंद्रावतरणाच्या ५० व्या वर्षानिमित्त २०१९ मध्ये अमेरिकेने जे ५ डॉलरचे सोन्याचे नाणे काढले, ते अंतराळवीराच्या शिरस्त्राणाच्या काचेसारखे बहिर्वक्र होते आणि त्याच्या किमतीत ३५ डॉलरची देणगी धरलेली होती, जी वॉशिंग्टनच्या अंतराळ संग्रहालयासारख्या संस्थांकडे जात होती. ज्याने १९६९ च्या जुलैत लहानपणी रेडिओला कान लावून ती बातमी ऐकली, त्याच्यासाठी त्या नाण्याचे अधिमूल्य म्हणजे आपल्याच आयुष्यातल्या एका रात्रीला दिलेली दाद ठरते. ज्याला त्या घटनेत केवळ भाववाढीची शक्यता दिसते, त्याच्यासाठी तेच अधिमूल्य निव्वळ बट्टा ठरते. एकाच डबीतल्या, एकाच वजनाच्या दोन नाण्यांचे हे दोन निकाल नाण्याबाहेरून येतात.

म्हणून घेऊ पाहणाऱ्याने भाव वाढेल का, हे विचारण्याआधी त्या प्रसंगाविषयी आपल्याजवळ सांगण्यासारखे काय आहे आणि ते ऐकणारे घरात कोण आहे, याचा शोध घ्यावा. तसे काही असेल, तर नाण्यातले सोने किती आणि अधिमूल्य किती हे घेण्याच्या दिवशीच कागदावर वेगळे काढावे आणि अधिमूल्याची रक्कम त्याच दिवशी, समजून-उमजून, बट्टेखाती घालावी. सोन्याची रक्कम सोन्याच्या भावाबरोबर चढेल किंवा उतरेल. स्मरणासाठी दिलेली रक्कम परत मागायची नसते, जशी देवाला वाहिलेली किंवा पोरांना खाऊसाठी दिलेली रक्कम कोणी परत मागत नाही. ती रक्कम सोडून देताना हात थरथरत असेल, तर प्रसंग कितीही मोठा असला तरी ते नाणे आपले नाही असे समजावे आणि त्या पैशाची चोख वेढणी घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही, कारण त्या प्रसंगाचा मोठेपणा आपल्या खरेदीवर अवलंबून नसतो.

सराफाच्या कसोटीच्या काळ्या दगडावर चोख सोन्याचे स्मारक नाणे आणि चोख सोन्याची वेढणी यांच्या रेघा शेजारी शेजारी ओढल्या, तर दोन्ही तितक्याच पिवळ्या उमटतात. दगडाला राज्याभिषेक दिसत नाही आणि चंद्रही दिसत नाही. दगड खोटे बोलत नाही, पण त्याचे सांगणे तेवढ्यावर संपते, आणि तिथून पुढचे सांगण्याचे काम ज्याला आनंदाने पत्करावेसे वाटते, त्याने ते नाणे जरूर घ्यावे, आणि वर्षातून एकदा तरी डबीतून काढून नातवंडांच्या हातावर ठेवावे, मग त्या आरशावर बोटांचे ठसे उमटले तरी चालतील.